पौषातील गारठा आणि ओट्यावरचा जीव

मार्गशीर्ष सरत आला की निफाड तालुक्यातील संध्याकाळ लवकर गार होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदला गेलेला पारा दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत छापून येतो. पाच-सहा अंश सेल्सिअस ही त्या भागाला नवलाची गोष्ट नाही. काही वर्षी पारा त्याहूनही खाली उतरला आहे. द्राक्षबागांत वेलींना ऊब मिळावी म्हणून बागाईतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, घराघरांतून रजया आणि गोधड्या बाहेर निघतात, स्वयंपाकघरात लाडवांसाठी डिंक तळला जातो. आमच्या आडत दुकानाच्या ओट्यावर झोपणाऱ्या मोतीसाठी मात्र त्या वर्षी कोणी काही बाहेर काढले नव्हते.

मोती तेव्हा तेरा वर्षांचा होता. पिल्लू असताना तो बाजार समितीच्या आवारातून वडिलांच्या मागोमाग आला आणि दुकानाचाच झाला. शहाबादी फरशीच्या ओट्यावर त्याने बारा हिवाळे काढले होते, म्हणून तेराव्याचाही विचार कोणी केला नाही. अंगावर केस आहेत, जन्म उघड्यावर गेला आहे, त्याला कसली थंडी, असे आम्ही सारेच मानत होतो. पौषातल्या एका सकाळी वडील दुकान उघडायला गेले तेव्हा तो उठला नाही. पाय ताठरले होते, हिरड्या फिकट पडल्या होते, डोळे अर्धवट उघडे होते. अंग हाताला गार लागत होते. तो थरथरत नव्हता, म्हणून तो थंडीने नव्हे तर म्हातारपणाने चालला आहे असे वडिलांना वाटले.

पशुवैद्यकीय डॉक्टर आले. त्यांनी आधी मोतीला फरशीवरून उचलून पोत्यावर घेतले, कोरड्या घोंगडीत गुंडाळले आणि मग वडिलांना म्हणाले, ''शेठ, थरथरणं ही शरीराची ऊब निर्माण करायची धडपड असते. ती थांबली म्हणजे थंडी गेली असं नाही. शरीर आता हरत चाललंय, असा त्याचा अर्थ.'' मोती त्या दिवशी वाचला. वडील मात्र पुढे कितीतरी दिवस एकच वाक्य म्हणत राहिले, ''बारदानाचा एवढा ढीग होता रे दुकानात. एक पोतं टाकायला काय लागत होतं?''

आपल्या घरांत जीवदयेची शिकवण कमी नाही. मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून आपण वाट बदलतो. तरीही रोज डोळ्यांसमोर असलेल्या जिवाची थंडी आम्हाला दिसली नाही. अनुकंपा मनात होती. ती कृतीत उतरवणारी यतना मात्र कमी पडली. हिवाळ्यात पाळीव प्राण्यांची काळजी घेणे म्हणजे याच यतनेचा रोजचा, लहानसा अभ्यास होय.

जुना वारसा

पांजरपोळ म्हटली की आपल्याला प्रथम गाय आठवते. पण मुंबईतील भुलेश्वरची पांजरपोळ १८३४ साली स्थापन झाली, तिच्यामागचे एक मोठे कारण रस्त्यावरची कुत्री होती. भटक्या कुत्र्यांना ठार मारण्याच्या कंपनी सरकारच्या मोहिमेविरुद्ध १८३२ साली मुंबईत मोठा क्षोभ उसळला आणि पारशी समाज त्यात आघाडीवर होता. पुढे 'सर' झालेले जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील जैन-हिंदू व्यापारी यांनी एकत्र येऊन अशा निराधार प्राण्यांसाठी जागा उभी केली. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात जखमी पक्ष्यांचे रुग्णालय चालते, हेही आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. व्यापारी पेढीने मुक्या जिवाचा भार उचलावा ही आपली जुनी रीत आहे.

श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील पहिला आणि शेवटचा अतिचार हिवाळ्याच्या रात्री आपल्या दारातच घडू शकतो. आखूड साखळीने बांधलेला कुत्रा वाऱ्याच्या झोतातून उठून आडोशाला जाऊ शकत नाही. भांड्यातले पाणी संपले तर मागू शकत नाही. भारतातील १९६० सालचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही हेच म्हणतो. जनावर अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, तसेच मालकाने त्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या अकराव्या कलमाखाली अपराध ठरतात.

थंडी कोणाला अधिक बाधते

कुत्र्या-मांजरांच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. आपल्याला ताप वाटावा अशी ही ऊब त्यांची नेहमीची असते आणि ती टिकवण्यासाठी शरीराला अन्न खर्ची घालावे लागते. केसांची उपयुक्तता त्यांच्यामध्ये अडकलेल्या कोरड्या हवेत असते. केस दवाने किंवा पाण्याने भिजले की ती हवा निघून जाते आणि दाट केसांचा प्राणीही गारठतो. म्हणून कोरड्या थंडीपेक्षा ओल आणि वारा यांचे भय अधिक धरावे.

पिल्ले, म्हातारी जनावरे, आजारी किंवा कृश प्राणी आणि लहान चणीच्या किंवा आखूड केसांच्या जाती यांना थंडी लवकर बाधते. शरीर जितके लहान, तितकी त्याच्या मानाने त्वचा अधिक, आणि त्वचेवाटे ऊब निसटत राहते. हिमप्रदेशातील जातीचा कुत्रा महाबळेश्वरच्या थंडीत सुखाने बसेल; त्याच ओसरीवर पग किंवा डॅशहंड जातीचा कुत्रा कुडकुडेल. म्हाताऱ्या कुत्र्यांचे सांधे थंडीत आखडतात. सकाळी उठताना तो वेळ लावत असेल, जिना चढायला कचरत असेल तर तो आळस समजू नये. ते दुखणे असू शकते आणि त्यावर उपचार आहेत.

अंथरूण : फरशीपासून चार बोटे वर

घरातील संगमरवर, कोटा किंवा टाइल्स उन्हाळ्यात सुख देतात, पण हिवाळ्यात तीच फरशी अंगाची ऊब खेचून घेते. प्राण्याच्या अंगावर काय पांघरले यापेक्षा त्याच्या अंगाखाली काय आहे हे आधी पाहावे. लाकडी फळी किंवा जुना पाट ठेवून अंथरूण जमिनीपासून चार बोटे उचलले, त्यावर दोन-तीन पदरी बारदान आणि वर जुनी गोधडी घातली की घरातल्या कुत्र्यासाठी उत्तम बिछाना होतो. जागा दाराच्या फटीसमोर किंवा खिडकीखाली नसावी.

बाहेर राहणाऱ्या प्राण्यासाठी कापडापेक्षा भाताचा कोरडा पेंढा बरा. कापड दव शोषून ओले राहते; पेंढ्यात प्राणी स्वतःला खुपसून घेतो आणि आत हवा कोरडी राहते. पेंढा ओला झाला की बदलावा. घर करून द्यायचे असल्यास ते फार ऐसपैस नको. प्राण्याला उभे राहून वळता येईल एवढेच असावे, म्हणजे त्याच्याच अंगाच्या उबेने ते गरम राहते. तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला असावे.

बारदानाबाबत एक सूचना खास आपल्या धंद्यातील मंडळींसाठी. खताची, औषध चोळलेल्या बियाण्याची किंवा कीटकनाशकाची गोणी कोणत्याही प्राण्याखाली घालू नये. तसेच थंडी आहे म्हणून कुत्र्याला रात्री धान्याच्या गोदामात कोंडण्यापूर्वी तेथे धुरीच्या गोळ्या किंवा उंदरांचे औषध ठेवलेले नाही याची खात्री करावी. धुरीच्या गोळ्यांतून निघणारा वायू बंद जागेत माणसाच्याही जिवावर बेततो.

ऊब देताना होणारी घाई

थंडीत सर्वाधिक अपघात आपल्या मायेच्या घाईतून होतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून माणसे आणि प्राणी एकत्र झोपणे अतिशय घातक आहे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच जीव जातो. विजेचा हिटर वापरल्यास तो प्राण्याच्या आवाक्याबाहेर ठेवावा आणि वायर चावली जाणार नाही अशी लपवावी. गरम पाण्याची पिशवी नेहमी जाड कापडात गुंडाळून द्यावी. अशक्त किंवा म्हातारा प्राणी चटका बसला तरी चटकन बाजूला होऊ शकत नाही.

आंघोळी कमी कराव्यात. घालायचीच असेल तर दुपारी, कोमट पाण्याने घालावी आणि अंग पूर्ण कोरडे झाल्यावरच बाहेर सोडावे. हिवाळ्यात केस मुळापासून कापू नयेत. कुत्र्याला स्वेटर घालत असाल तर तो रोज काढून खालची त्वचा पाहावी, आणि ओला झालेला स्वेटर तत्काळ उतरवावा.

मांजरे रात्री नुकत्याच थांबवलेल्या मोटारीच्या किंवा टेम्पोच्या इंजिनाजवळ जाऊन बसतात. पहाटे मार्केटला निघण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, हॉर्न वाजवावा आणि क्षणभर थांबावे. एवढ्याने एखादा जीव वाचतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या सर्दी-तापाची गोळी प्राण्याला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना गंभीर इजा होते.

अन्न आणि पाणी

बाहेर राहणाऱ्या आणि हिंडणाऱ्या प्राण्याला थंडीत अधिक अन्न लागते, कारण ऊब अन्नातूनच येते. दिवसभर गादीवर पहुडणाऱ्या घरातल्या कुत्र्याचे खाणे मात्र वाढवू नये; त्याचे केवळ वजन वाढते आणि सांध्यांवर भार पडतो.

आपल्या घरांतील कुत्री बहुधा शाकाहारावरच वाढतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथिने आणि जीवनसत्त्वे यांचा मेळ नीट घातला तर कुत्र्याला तो आहार मानवतो. नुसत्या दूध-पोळीवर मात्र त्याची प्रकृती टिकत नाही. मांजराची गोष्ट वेगळी आहे. टॉरिनसारखे काही घटक त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही आणि ते त्याला नैसर्गिकरीत्या मांसातून मिळतात. ते न मिळाल्यास हृदय आणि डोळे बिघडतात. मांजर घरी आणण्यापूर्वी कुटुंबाने या प्रश्नाचा डॉक्टरांशी बोलून प्रामाणिकपणे निर्णय घ्यावा.

हिवाळ्यातील गोडधोडाबाबतही जपावे. बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, म्हणून सुकामेव्याचा लाडू कौतुकाने त्याच्यापुढे टाकू नये. चॉकलेटही वर्ज्यच. कांदा आणि लसूण आपल्या अनेक घरांत मुळातच नसतात. कुत्र्या-मांजरांच्या रक्तालाही ते अपायकारक आहेत.

थंडीत प्राणी पाणी कमी पितात आणि आपणही भांडे भरायला विसरतो. पाणी ताजे आणि किंचित कोमट ठेवले तर ते अधिक पितात. घरात चौविहाराचा नियम असला तरी प्राण्याचे पाणी रात्री झाकून ठेवू नये. व्रत घेणारा ते समजून-उमजून घेतो. मुक्या जिवाने ते घेतलेले नसते.

पिंजरा आणि काचपेटी

आपल्याकडील हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. लव्हबर्ड, बजरीगर असे परदेशी वंशाचे पक्षी ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी पिंजरा रात्री खिडकीपासून दूर घ्यावा, तीन बाजूंनी जाड कापड टाकावे आणि एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. पक्षी दिवसाही पिसे फुगवून, मान आत घेऊन बसत असेल किंवा दांडीवरून उतरून पिंजऱ्याच्या तळाशी बसत असेल तर तो आजारी आहे असे समजावे. पक्ष्यांची फुफ्फुसे फार नाजूक असतात. खिडक्या बंद असताना न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी दगावतात. धूप-अगरबत्तीही त्यांच्यापासून दूर असावी.

काचपेटीतील उष्ण प्रदेशीय माशांना साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी लागते. त्यासाठी तापमान राखणारा हिटर घ्यावा. लिटरमागे सुमारे १ वॉट हा ठोकताळा धरला, तर ५० लिटरच्या पेटीला ५० वॉटचा हिटर पुरतो. पाणी बदलताना हिटर आधी बंद करावा आणि नवे पाणी पेटीतल्या पाण्याइतकेच कोमट करून घालावे. तापमानात एकाएकी पडणारा फरक माशांना सोसत नाही. गोल्डफिशला मात्र गार पाणी चालते. त्याला हिटरची बहुधा गरज नसते.

गोठा आणि पांजरपोळ

मोठ्या जनावरांना थंडी कमी बाधते, कारण गाईच्या पोटात कोरडी वैरण पचताना पुष्कळ उष्णता निर्माण होते. म्हणून संध्याकाळी कडब्यासारखी कोरडी वैरण अवश्य घालावी. नवजात वासराचे पोट अजून असे काम करू लागलेले नसते. त्याला कोरडा पेंढा, वाऱ्यापासून आडोसा आणि अंगावर बारदानाची झूल लागते. गोठा चहूबाजूंनी बंद करू नये; मूत्राचा उग्र वास कोंडला की जनावरांना श्वसनाचे विकार जडतात. खालून वारा अडवावा आणि वरून हवा खेळती राहू द्यावी.

पांजरपोळीला देणगी पाठवताना आपण बहुधा चाऱ्याची रक्कम पाठवतो. कार्तिक-मार्गशीर्षात एकदा तेथे जाऊन वासरांसाठी झुली, पेंढा आणि ताडपत्री पुरेशी आहे का, हेही विचारावे. मुलांना सोबत न्यावे. जीवदया हा शब्द पाठशाळेत शिकवता येतो. झूल बांधायला मात्र गोठ्यातच शिकावे लागते.

केव्हा थांबू नये

थरथर, अंग आक्रसून बसणे, सतत आडोसा शोधणे ही पहिली लक्षणे होत. त्यानंतर सुस्ती येते, चाल अडखळते, हिरड्या फिकट पडतात, कान आणि पंजे गार लागतात. थर्मामीटरवर कुत्र्या-मांजराचे तापमान ३७ अंशांच्या खाली दिसले तर विलंब करू नये. प्राण्याला कोरडे करावे, घोंगडीत गुंडाळावे, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी छाती-पोटाजवळ ठेवावी आणि डॉक्टरांकडे न्यावे. गरम पाण्याची आंघोळ घालू नये, पाय जोराने चोळू नयेत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये. ते फुफ्फुसात जाते. आमच्या घरी त्या सकाळी कोणीतरी गरम दुधाची वाटी आणली होती आणि डॉक्टरांनी ती हातानेच मागे सारली होती.

मोती त्यानंतर दोन हिवाळे जगला. त्याची जागा आत, गल्ल्याच्या शेजारी झाली. एक फळी, तिच्यावर तीन पदरी बारदान, त्यावर आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. वडील रोज रात्री दुकान बंद करताना गल्ला, दिवा, कुलूप असा क्रम म्हणत. त्यात 'मोती' हा चौथा शब्द आला. तो गेल्यावरही तो क्रम मोडला नाही. आता ओट्यावर बाजारातली दोन कुत्री येऊन झोपतात. ती आमची नाहीत, कोणाचीच नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीच्या आडोशाला पेंढ्याने भरलेले एक लाकडी खोके मांडलेले असते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीपुढे असा एखादा जीव असतो. आज रात्री शटर ओढण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा पाहावे. तो फरशीवर आहे का, वाऱ्यात आहे का, भांड्यात पाणी आहे का, एवढेच पाहायचे आहे. पोते आपल्या दुकानातच असते.